उघडण्याआधी जरा थांबा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



टपाल आले की ते उघडून पाहण्याची घाई आपल्या सर्वांनाच असते. आज मी या घाईविषयीच बोलणार आहे. हाती आलेले टपाल कधी धोक्याचे असू शकते. ते ओळखायचे कसे आणि ओळखल्यावर करायचे काय, हा आजचा विषय. टपाल म्हणताना पोस्टमनने दिलेले पाकीट माझ्या मनात आहे, कुरिअरवाल्याने दारात ठेवलेले खोके आहे, तसेच संगणकावर आणि मोबाइलवर येणारे संदेशही आहेत.

मी पोलीस खात्यातला नाही, संगणकतज्ज्ञही नाही. पिंपरीतल्या एका कारखान्याच्या आवक विभागात मी १९८० साली लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. गेटमधून आत येणारा प्रत्येक कागद आणि प्रत्येक खोके आमच्या रजिस्टरात नोंदल्याशिवाय पुढे जात नसे. त्या टेबलावर बसून जे शिकलो, तेवढेच सांगणार आहे.

गोष्ट १९८५ सालची. त्या वर्षीच्या मे महिन्यात दिल्लीत आणि उत्तर भारतात ट्रान्झिस्टरमध्ये दडवलेल्या बॉम्बचे स्फोट झाले होते. बेवारस वस्तूला हात लावू नका, असे जो तो बजावत होता. आमच्याकडे टपाल आणणारे एक शिपाईमामा होते. सायकलवरून पोस्टात जायचे आणि पिशवी भरून आणायचे. एके दिवशी मामा आले ते रिकाम्या हातांनी. म्हणाले, "साहेब, एक खोकं आलंय. त्याला तेल सुटलंय. पाठवणाऱ्याचं नाव नाही. मी ते आत आणत नाही. सायकल स्टँडपलीकडं ठेवलंय आणि वॉचमनला लांब उभं केलंय."

झाले! गेटवर गर्दी जमली. पोलिसांना फोन गेला. मॅनेजरसाहेब मामांवर चिडले. पोलीस येईपर्यंत कोणाला तरी सुचले, की खोके ज्याच्या नावाचे आहे त्यालाच विचारावे. टूलरूममधल्या एका मुलाचे नाव होते. त्याला बोलावले. त्याने लांबूनच अक्षर ओळखले. "अहो, माझ्या मोठ्या बहिणीचं अक्षर आहे. आईनं लोणचं पाठवलंय!"

त्यानंतर वर्षभर मामांना सगळे 'लोणचेवाले मामा' म्हणत होते. मीही म्हणत होतो. आज वाटते, त्या दिवशी सगळ्या कारखान्यात शहाणे असे मामा एकटेच होते. या गोष्टीचा शेवट मी नंतर सांगेन.

धोक्याचे पार्सल ही केवळ चित्रपटातली गोष्ट नाही. २०१८ सालच्या फेब्रुवारीत ओडिशातल्या पाटणागड गावी नुकतेच लग्न झालेल्या एका घरी कुरिअरने आहेराचे पार्सल आले. ते उघडताना स्फोट झाला. नवरा मुलगा आणि घरातल्या वृद्ध आजी गेल्या, नवी नवरी गंभीर भाजली. पार्सल रायपूरहून खोट्या नावाने पाठवलेले होते. तपासाअंती मुलाच्या आईच्याच एका सहकाऱ्याला अटक झाली आणि २०२५ च्या मे महिन्यात त्याला जन्मठेप झाली. ओडिशातल्या घटनेला महिनाही झाला नव्हता, तोच २० मार्च २०१८ रोजी अहमदनगरमध्ये, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, एका कुरिअरच्या कार्यालयात पार्सलचा स्फोट होऊन तिथले कर्मचारी जखमी झाले. ते पार्सल पुण्याला यायचे होते. ज्यांच्या नावाचे होते त्यांच्यापर्यंत ते पोचलेच नाही. जखमी झाले ते मध्ये हाताळणारे. हे नीट लक्षात घ्या. पाकिटावर नाव साहेबांचे असते, पण ते पहिल्यांदा हातात घेतो तो शिपाई, वॉचमन किंवा कुरिअरचा मुलगा.

आपल्या भागातले एक उदाहरण मात्र वेगळे आहे. एप्रिल २०२२ मध्ये दिघीत एका कुरिअरच्या गोदामात पार्सले क्ष-किरण यंत्रातून तपासताना तलवारी दिसल्या. पोलिसांनी एकूण ९७ तलवारी जप्त केल्या. पंजाबातून निघालेला तो माल मुख्यतः मराठवाड्याकडे चालला होता. तिथे खोके उघडण्याआधी आत काय आहे ते पाहिले गेले, म्हणून पुढचे टळले. आपल्या प्रत्येकाकडे असे यंत्र नसते. पण डोळे असतात आणि प्रश्न विचारण्यासाठी तोंडही असते.

डोळ्यांनी काय पाहायचे? पार्सल अपेक्षित होते का, हा पहिला प्रश्न. पाठवणाऱ्याचा पत्ता आहे का? पत्ता एका गावचा आणि शिक्का दुसऱ्याच गावचा, असे तर नाही? वजनाच्या मानाने तिकिटे भलतीच जास्त लावलेली, गरजेपेक्षा कितीतरी जास्त चिकटपट्टी गुंडाळलेली, तेलकट डाग, विचित्र वास, एका बाजूलाच लागणारे वजन, बाहेर डोकावणारी तार किंवा चांदीचा कागद, 'स्वतःच उघडावे' असा आग्रह, नाव किंवा हुद्दा चुकीचा लिहिलेला. यांतली एखादी खूण दिसली म्हणून लगेच बॉम्ब आहे असे होत नाही. लोणच्याच्या खोक्यावरही दोन खुणा होत्याच. पण खूण दिसली की थांबायचे.

थांबायचे म्हणजे काय करायचे? पार्सल हातात असेल तर हळूच खाली ठेवायचे. हलवून पाहायचे नाही, हुंगायचे नाही, दोरा कापायचा नाही. पुष्कळांना वाटते, बादलीभर पाण्यात बुडवले की काम झाले. तसे मुळीच करू नका. उचलून मैदानात नेण्याचे शौर्यही नको. (आमच्या मामांनी ते खोके सायकल स्टँडपर्यंत नेले, तेवढी त्यांची चूकच म्हणायची.) खोलीतल्या सगळ्यांना बाहेर काढा, दार ओढून घ्या, पुरेसे लांब जा आणि मग ११२ क्रमांकावर फोन करा. मोबाइल त्या वस्तूजवळ वापरू नका. पुढचे काम बॉम्ब शोधक व नाशक पथकाचे.

पाकिटातून भुकटी सांडली तर वागण्याची रीत थोडी निराळी. २००१ साली अमेरिकेत अँथ्रॅक्सचे जंतू घातलेली पत्रे पाठवली गेली. पाच माणसे दगावली, सतरा आजारी पडली. दगावलेल्यांत दोघे वॉशिंग्टनच्या टपाल केंद्रातले कामगार होते. पत्रे त्यांना लिहिलेली नव्हती, त्यांनी ती उघडलीही नव्हती. तेव्हा भुकटी दिसली तर ती झाडू नका, फुंकू नका. पंखा आणि एसी बंद करा. पाकीट आहे तिथे ठेवून वर एखादा कागद अलगद झाका. खोलीबाहेर पडा, दार लावा, हात साबणाने धुवा. ज्यांनी पाकिटाला हात लावला त्यांची नावे लिहून ठेवा आणि पोलिसांना कळवा.

श्रोतेहो, हे झाले कागदाच्या आणि खोक्याच्या टपालाचे. पण मी निवृत्त होईपर्यंत आमच्या टपालाची पिशवी पार हलकी झाली होती. २०२५ साली तर रजिस्टर पोस्टही स्पीड पोस्टात विलीन झाले. आता पीओ, चलन, बिल, ड्रॉइंग, सगळे मेलवर येते. गेटवर नोंद होत नाही, शिपाईमामा मध्ये नाहीत. मेल थेट टेबलावर येऊन पडते, आणि टेबलावर बसलेली असते अकाउंट्समधली एखादी विशी-पंचविशीतली मुलगी.

माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांची भोसरीला शेड आहे. चाकणच्या एका मोठ्या कंपनीसाठी ते टर्निंगचे काम करतात. त्यांनी तैवानहून एक सीएनसी मशिन मागवले. आगाऊ रक्कम भरून झाली, उरलेला हप्ता द्यायचा होता. एके दिवशी मेल आली: 'आमच्या खात्याचे ऑडिट चालू असल्यामुळे या वेळची रक्कम सोबत दिलेल्या नव्या खात्यात भरावी. आज भरल्यास मशिन याच जहाजाने निघेल.' बोधचिन्ह तेच, बिलाचा नमुना तोच, खालची सहीदेखील तीच. अकाउंट्सच्या मुलीने विचारले, "सर, यांची बँक नेहमी तैवानची असते. ही दुसऱ्याच देशातली कशी?" मालक शॉपफ्लोअरवर होते, चाकणहून मालासाठी फोनवर फोन येत होते. ते म्हणाले, "तू फक्त एन्ट्री कर. उगाच शंका काढू नकोस. मशिन अडकायला नको."

पैसे गेले. अकरा दिवसांनी तैवानहून खरी मेल आली: 'हप्ता अजून का भरला नाही?'

नंतर दोन्ही मेल शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. पाठवणाऱ्याच्या इंग्रजी पत्त्यात जिथे 'एम' हवा होता, तिथे 'आर' आणि 'एन' ही दोन अक्षरे खेटून बसवली होती. चष्मा लावूनही एका दृष्टिक्षेपात फरक कळत नव्हता. चोरांनी कोणाच्या तरी मेलपेटीत शिरून आठवडेच्या आठवडे पत्रव्यवहार वाचला असणार, आणि हप्त्याची वेळ येताच मध्ये तोंड घातले. पोलिसांच्या भाषेत याला 'मॅन इन द मिडल' म्हणतात. आपण म्हणू, दोघांच्या बोलण्यात लपून बसलेला तिसरा.

हे फक्त लहान कारखानदारांच्या बाबतीत होते असेही नाही. मोटारींची आसने बनवणारी टोयोटा बोशोकू ही जपानची नामांकित कंपनी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिच्या युरोपातल्या उपकंपनीने असल्याच खोट्या सूचनेवरून पैसे पाठवले. नुकसानीचा अंदाज सुमारे चार अब्ज येनांपर्यंत होता. एवढ्या मोठ्या कंपनीला जे चुकले, ते भोसरीच्या शेडमध्ये चुकले म्हणून त्या मुलीला किंवा मालकाला मूर्ख ठरवण्याचे कारण नाही.

मग मेलच्या खुणा कोणत्या? पाहू गेले तर त्याच, पार्सलच्या. अपेक्षा नसताना आलेली. पाठवणाऱ्याचे नाव ओळखीचे, पण नावावर टिचकी मारल्यावर दिसणारा पूर्ण पत्ता वेगळा. 'आजच', 'तासाभरात', 'कोणाला सांगू नका' असा लकडा. बँक खाते बदलल्याची सूचना. सोबत जोडलेली फाइल आणि ती उघडण्याचा आग्रह. खोक्यावरचे 'स्वतःच उघडावे' आणि मेलमधले 'गोपनीय, लगेच उघडा' ही सख्खी भावंडे आहेत.

उपायही तोच. थांबायचे आणि विचारायचे. मात्र विचारण्याची वाट दुसरी हवी. मेलला उत्तर देऊन 'हे खरे का?' असे विचारले, तर 'हो, खरे' असे उत्तर चोरच देणार. मेलमध्ये छापलेल्या क्रमांकावर फोन केला तरी तेच. आपल्या जुन्या फाइलमध्ये जो क्रमांक आहे, ज्यावर आपण पूर्वी बोललो आहोत, तो लावायचा आणि ओळखीच्या माणसाशी बोलायचे. देशातल्या देशात आरटीजीएस किंवा एनईएफटी करताना खातेदाराचे नाव आधी दाखवण्याची सोय बँकांनी १ एप्रिल २०२५ पर्यंत करावी, असे रिझर्व्ह बँकेने सांगितले होते. ते नाव वाचायचे आणि बिलावरच्या नावाशी ताडून पाहायचे.

आणि चूक होऊन गेलीच तर? लाजेपोटी गप्प बसू नका. ताबडतोब बँकेला कळवा, परदेशी रक्कम असेल तर ती थांबवण्याची विनंती करायला सांगा, आणि १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरत असतात. जितक्या लवकर कळवाल तितकी ते वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त. अकरा दिवसांनी ती फारशी उरत नाही. भोसरीच्या त्या गृहस्थांचे पैसे परत मिळाले नाहीत.

दुसरा धोका विषाणूचा. फेब्रुवारी २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटी प्रकल्पाच्या सर्व्हरवर खंडणीखोर विषाणूचा हल्ला झाला. निगडी पोलीस ठाण्यात दिलेल्या तक्रारीत सुमारे पाच कोटी रुपयांच्या नुकसानीचा उल्लेख होता. हा विषाणू संगणकातल्या फाइलींना कुलूप घालतो आणि किल्लीसाठी पैसे मागतो. त्याला आत शिरायच्या वाटा अनेक; त्यांतली एक नेहमीची वाट म्हणजे मेलसोबतची फाइल. अशी फाइल चुकून उघडली गेली आणि संगणक वेड्यासारखा वागू लागला, तर नेटवर्कची केबल काढा, वायफाय तोडा आणि जाणकाराला बोलवा. फॉरमॅट मारू नका, मेल पुसू नका. तपासाला तोच पुरावा. आणि 'बघा रे, हे काय आलंय' म्हणून ती मेल दहा जणांना पुढे पाठवू नका. संशयित खोके ऑफिसभर फिरवून दाखवण्यासारखेच ते आहे. याखेरीज अशी घटना कळल्यापासून सहा तासांच्या आत सर्ट-इन या केंद्रीय संस्थेला कळवणे कंपन्यांवर २०२२ पासून बंधनकारक आहे.

चाकणच्या मोठ्या कंपन्या सुटे भाग साठवून ठेवत नाहीत, तासांच्या हिशेबाने मागवतात. त्यामुळे एका शेडमधला संगणक बंद पडला की झळ दूरवर पोचते. जपानमध्ये १ मार्च २०२२ रोजी टोयोटाचे १४ कारखाने दिवसभर बंद राहिले. कारण काय, तर सुटे भाग पुरवणाऱ्या एका कंपनीच्या संगणकांवर हल्ला झाला होता.

घरातही हेच लागू आहे. मोबाइलवर लग्नपत्रिका म्हणून एक फाइल येते. नीट पाहिले तर तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असते. पत्रिका म्हणजे चित्र किंवा पीडीएफ; एपीके म्हणजे मोबाइलमध्ये शिरून बसणारा प्रोग्राम. वाहतुकीच्या दंडाची पावती म्हणूनही तो येतो. 'आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, या क्रमांकावर फोन करा' हा संदेश तर तुमच्यापैकी अनेकांनी वाचला असेल. आणखी एक प्रकार: 'तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत, कॅमेऱ्यासमोरून हलू नका, तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे.' अशी अटक आपल्या कायद्यात नाही. फोन ठेवा आणि घरच्यांना सांगा. भीती वाटली की माणूस एकटा पडतो, आणि चोराला तो एकटाच हवा असतो.

आता मामांच्या गोष्टीचा शेवट. लोणच्याच्या प्रकरणानंतर मामा नोकरीत होते तोवर त्यांनी एकही खोके बाहेर ठेवले नाही. जे येईल ते सरळ माझ्या टेबलावर आणून ठेवत. डाग असो, नाव नसो, काही बोलत नसत. आम्हाला वाटले, मामा सुधारले. खरे म्हणजे आम्ही हसून हसून आमचा पहारेकरी घालवला होता. पुढे काही अघटित घडले नाही, हे आमचे नशीब. त्यात आमची हुशारी काही नव्हती. भोसरीच्या त्या मुलीची शंका मी ऐकली तेव्हा मला मामा आठवले. तिला फरक दिसला होता. तो बोलून दाखवण्याचे धाडसही तिने केले होते. पण थांबवण्याचा अधिकार तिला नव्हता.

त्या गृहस्थांनी नंतर एक साधा नियम केला. कोणाचेही बँक खाते बदलल्याची सूचना आली, की जुन्या क्रमांकावर फोन झाल्याशिवाय आणि एक दिवस गेल्याशिवाय पैसे भरायचे नाहीत. थांबवायचे की नाही हे त्या मुलीने ठरवायचे, मालकांनीही तिला घाई करायची नाही. मध्यंतरी अशीच एक मेल आली. तिने हप्ता अडवला, फोन लावला. या वेळी सूचना खरी निघाली. पुरवठादाराने खरोखरच बँक बदलली होती. माल एक दिवस उशिरा आला आणि चाकणची बोलणी मालकांना ऐकावी लागली. संध्याकाळी मालकांनी सगळ्यांना चहा सांगितला आणि म्हणाले, "आज आपलं लोणचं निघालं. पण ताई, पुढच्या वेळीही असंच थांबव."

मामांची गोष्ट मीच त्यांना सांगितली होती. मामा आता नाहीत. त्यांच्या वाट्याचा तो चहा आम्ही त्यांना कधी पाजला नाही, ही रुखरुख मनात आहे. तुमच्या घरी, ऑफिसात, सोसायटीच्या गेटवर असा एखादा शंकेखोर माणूस असेल, तर त्याला हसू नका, एवढीच विनंती.